टाचणीला तीन हाका

ताईला कोडची एक ओळही लिहिता येत नव्हती. तरी कुठकुठले भले भले प्रोग्रॅमर तिच्या एका मेलसाठी ताटकळत बसायचे. मी तक्रारींच्या टेबलावर आणि ती माझ्या पाठीमागच्या टेबलावर, एवढंच आमचं नातं. 'ताई' हे नाव तिला धाकट्या भावामुळे पडलं. तो हाक मारायचा म्हणून आम्ही मारायला लागलो, आणि पुढे तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची.

भावाला आम्ही टाचणी म्हणायचो. अंगानं तसा होता आणि बोलणंही तसंच. कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही तिघंच होतो: मास्तर, टाचणी आणि मी. मास्तर आमचे मालक. कॉलेजात शिकवायची चांगली नोकरी सोडून त्यांना हे खूळ सुचलं होतं. टायरच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतलेली. भिंतीशी लोखंडी मांडणी, तिच्यावर कुणीकुणी टाकून दिलेले सर्व्हर, आणि समोर एक टेबलफॅन. फॅन सर्व्हरसाठी होता. आम्ही घामानं निथळत असलो तरी त्याचं तोंड आमच्याकडे वळवायची मुभा नव्हती. खालून रबराचा वास यायचा, तो माझ्या शर्टांतून कधी गेलाच नाही असं बायको अजून म्हणते.

धंदा काय ते ऐकून माझ्या सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. काही लोक प्रोग्रॅम लिहितात आणि तो कुलपात न ठेवता उघडा ठेवतात. ज्याला हवा त्यानं न्यावा, आत डोकावून बघावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी. याला ओपन सोर्स म्हणतात. पण उघडा ठेवायचा म्हटलं तरी तो कुठेतरी ठेवावा लागतोच. ती जागा आम्ही द्यायचो. प्रत्येक प्रोग्रॅमला एक पान, पानावर डाउनलोडचं बटण आणि खाली तक्रारी, दुरुस्त्या पाठवायची सोय.

"म्हणजे फुकट्यांना फुकट माल ठेवायला फुकट गोदाम?" सासरे म्हणाले. "आणि जावईबापू, तुम्ही काय खाणार?"

पानांच्या कडेला जाहिराती असायच्या, त्यांच्यावर आम्ही खायचो. पोटभर नाही, पण खायचो.

या गोदामात एक अडचण लवकरच उभी राहिली. माल ठेवणारी माणसं नाहीशी व्हायची. कुणाचं लग्न व्हायचं, कुणाला कंटाळा यायचा, कुणी मरायचं. प्रोग्रॅम पानावर तसाच पडलेला, त्यात चुका निघतायत, दुरुस्त करणारा माणूस दारात उभा आहे, पण पानाची चावी, म्हणजे त्यात बदल करायचा पासवर्ड, मालकाकडे आणि मालकाचा पत्ता नाही. तसं म्हटलं तर कोडची नक्कल करून वेगळं पान कुणीही उघडावं, त्याला बंदी नव्हती. पण लोक जुन्या पानावरच येतात. सवयीच्या दुकानातच माणूस जातो, शेजारी त्याहून चांगलं दुकान उघडलं तरी.

तोडगा टाचणीनं काढला. मालक वर्षभर गप्प असेल आणि पान कुणी मागत असेल, तर मालकाला थोड्या थोड्या दिवसांनी तीन हाका मारायच्या. एकीलाही उत्तर आलं तर विषय संपला, पान मालकाचंच. एकीलाही आलं नाही तर चावी मागणाऱ्याला द्यायची. "मेलेल्या माणसाच्या मुठीत चावी ठेवायची नाही," तो म्हणायचा. "मूठ उघडायची. हळू उघडा, पण उघडा."

हाका म्हणजे खरं तर मेल. पण टाचणी पडला नाटकी. तिसऱ्या मेलचीही मुदत संपली की तो उठून उभा राहायचा आणि मालकाचं नाव खोलीत मोठ्यानं तीनदा पुकारायचा. आमच्याकडे कुणी खऱ्या नावानं यायचं नाही, सगळी टोपणनावं. त्यामुळे "मुंगूस आहे का? मुंगूस! अहो मुंगूस!" असा पुकारा झाला की खालचे टायरवालेही वर बघायचे. आम्ही काम थांबवायचं, हसू दाबायचं, तिसऱ्या हाकेनंतर क्षणभर थांबायचं. "आहे" असं कुणी म्हणालं नाही की टाचणी बसायचा आणि चावी द्यायचा. पुढे एकदा असं झालं, की ज्याला पुकारलं त्याच्या बायकोचा मेल दुसऱ्या दिवशी आला. तो खरंच गेला होता. तेव्हापासून हसणं बंद झालं, पण पुकारा राहिला.

टाचणीचा स्वतःचाही एक प्रोग्रॅम आमच्याकडे होता, 'पहारा' नावाचा. तो त्यानं ताईसाठी लिहिला होता. ताई तेव्हा एका दवाखान्यात औषधांची कोठी सांभाळायची. आईवडील लवकर गेलेले, टाचणीला तिनंच वाढवलेलं, लग्नाचं वय त्या धबडग्यात कधी उलटलं ते तिलाही कळलं नाही. कोठीत इन्सुलिन, लसी असल्या औषधांचे फ्रीज होते. आतला थंडावा बिघडला तर सगळा माल वाया, म्हणून सुट्टीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ जाऊन थर्मामीटर बघायचं काम तिच्याकडे. अंगात ताप असला तरी ती जायची. टाचणीला ते बघवेना. त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरला तापमान मोजायची तार जोडली आणि पहारा लिहिला. फ्रीज गरम व्हायला लागला की कॉम्प्युटर भोंगा वाजवणार आणि फोनवर निरोप धाडणार. ताईला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घरी बसायला मिळालं.

"दुपारभर काय करावं कळेना," ती सांगायची. "शेवटी घासलेली भांडी पुन्हा घासली."

मग टाचणीनं पहारा आमच्याकडे उघडा ठेवला, आणि बघता बघता कुठकुठले छोटे दवाखाने, रक्तपेढ्या तो नेऊ लागल्या.

टाचणी गेला तो आमच्या डिस्क बसल्या त्या आठवड्यात. मांडणीवरच्या डिस्क एकापाठोपाठ एक गेल्या. हजारो माणसांचा कोड त्यांच्यावर, आणि उरलेल्या एका डिस्कवरून सगळा माल हळूहळू उतरवून घ्यायचा. टाचणी खोलीतून हलेना. पोटात दुखतंय म्हणत होता. मास्तरांनी खिशातली ॲसिडिटीची गोळी दिली. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाला, "एवढी प्रत उतरू दे." प्रत उतरली, कुणाची एक ओळही गेली नाही. अपेंडिक्स मात्र आत फुटलं होतं, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा अंगभर विष पसरलं होतं. जगातल्या फ्रीजांसाठी भोंगा लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोटातला भोंगा काही ऐकला नाही. मला त्याचा अजून राग येतो. त्याचा येतो, त्या डिस्कांचा येतो आणि गोळी देणाऱ्या मास्तरांचाही येतो.

मास्तरांनी ताईला टाचणीच्या खुर्चीवर बोलावलं. दया म्हणा, मनाला लागलेली टोचणी म्हणा.

"मला यातलं काय कळतं?" ताई म्हणाली.

"कोठी सांभाळता येते ना तुम्हाला? मग झालं. हीसुद्धा कोठीच आहे."

तिला हाकांचं काम दिलं आणि तिनं ते असं केलं की टाचणीनंही हात जोडले असते. पान मागायला सगळेच सज्जन येत नसत. गर्दीचं पान हाती आलं की त्यात काहीबाही घुसडून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येतं, म्हणून चोरही यायचे, आणि तेही 'चुका दुरुस्त करतो' असंच म्हणत यायचे. ताईला कोड वाचता येत नव्हता, पण माणूस वाचता यायचा. "मालकाचा जिवलग मित्र म्हणता, मग त्याच्या घरच्यांशी माझं बोलणं करून द्या" एवढं लिहिलं की निम्मे पळून जायचे. आणि तिसरी मुदत संपली की ती भावासारखीच उभी राहून पुकारायची. फक्त तिसऱ्या हाकेनंतर ती टाचणीपेक्षा जास्त थांबायची. आम्ही मान खाली घालून वाट बघायचो. ती कुणाची वाट बघते ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पहाऱ्याचं पान तेवढं कुणी मागितलं नाही. ते तसंच राहिलं.

कंपनी वाढली. टायरवाल्यांना रामराम करून आम्ही काचेच्या इमारतीतल्या एका आख्ख्या मजल्यावर गेलो, तिथे फॅन नव्हता आणि खिडकीही उघडत नव्हती. मग चार वर्षं बरी गेली आणि पुढे उतार लागला. आमच्याहून चपळ, आमच्याहून देखण्या कंपन्या आल्या, चांगले चांगले लोक आपला कोड उचलून तिकडे निघाले, जाहिरातीही त्यांच्यामागे गेल्या. मास्तर थकले होते. त्यांनी कंपनी विकली आणि पुन्हा इकडे फिरकले नाहीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे नवे मालक आले, आणि त्यांनी आमच्या डोक्यावर एक साहेब आणून बसवला.

साहेबांनी पहिल्याच महिन्यात पुकारा बंद केला. पाहुणे येतात, वेड्यांचा बाजार दिसतो, म्हणाले. हाकांचे मेल आता मशीनच धाडायला लागलं. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे पिशवी. जो मालक वर्षभर गप्प त्याचं पान 'बेवारस' ठरवायचं, आणि बेवारस पानावरून कुणी प्रोग्रॅम उतरवला की तो पिशवीत घालून द्यायचा. पिशवीत मूळ प्रोग्रॅम असायचा आणि त्याच्यासोबत न मागितलेले आणखी दोन-तीन, जाहिराती दाखवणारे, कॉम्प्युटर रडकुंडीला आणणारे. त्याचे पैसे कंपनीच्या नव्या मालकांना मिळायचे, शिव्या माझ्या टेबलावर यायच्या. आयाबहिणींचा एवढा उद्धार मी उभ्या जन्मात वाचला नव्हता, आणि वाईट हे की लोकांचं बरोबर होतं.

"बेवारस म्हणजे काय हो साहेब?" ताईनं भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. "माणूस मेला म्हणून त्याच्या मालात कचरा मिसळायचा?"

"ताई, भावनांवर कंपनी चालत नाही," साहेब म्हणाले. ती आमच्या चहावरही चालत नव्हती, पण तो त्यांनी बंद केला नाही, एवढे उपकार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मशीननं टाचणीलाही मेल धाडला. वर्षभर हालचाल नाही, आपण आहात का? टाचणीची मेलपेटी ताईनं बंद केली नव्हती. आईबापाविना वाढवलेल्या पोराची ती शेवटची वस्तू होती. तिनं ती पेटी उघडली आणि एक शब्द लिहिला: 'आहे.' मशीनचं समाधान झालं. पहाऱ्याला पिशवी लागली नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, फार पुढे कळलं, पण घडलं त्या क्रमानं सांगायचं तर इथेच सांगायला हवं. ताईच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दर वर्षी मशीन विचारायचं आणि दर वर्षी ताई 'आहे' लिहायची.

मग गारठा आला. हेही टोपणनावच. कुठल्याशा दूरच्या दवाखान्यात फ्रीज दुरुस्त करणारा माणूस, प्रोग्रॅमिंग हौसेनं शिकलेला. त्याला पहाऱ्यात एक खोट सापडली. कॉम्प्युटर काही आठवडे न थांबता चालू राहिला की पहाऱ्याच्या आतलं घड्याळ भरून जायचं आणि पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचं. मग पहाऱ्याला वाटायचं, पुढचं तापमान मोजायची वेळ अजून आलेली नाही. पडद्यावर जुनाच आकडा, छान थंड, आणि फ्रीज आत उकडून निघाला तरी भोंगा गप्प. टाचणीच्या काळातले कॉम्प्युटर इतके दिवस सलग चालायचेच नाहीत, मध्येच मान टाकायचे, म्हणून ही खोट कधी वर आली नव्हती. नवे कॉम्प्युटर महिनोन्महिने चालतात.

गारठ्यानं दुरुस्ती करून पाठवली आणि पान मागितलं. मशीननं टाचणीला हाक मारली. ताईनं ती वाचली. ते दिवस असे होते की पानं मागणाऱ्या दहांतले नऊ चोर असायचे, पिशवीचा धंदा बघून सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटलेलं. 'चुका दुरुस्त करतो' हे वाक्य तिनं हजारदा वाचलं होतं. कुणाकडून कोड तपासून घ्यावा तर आधी टाचणीच्या नावानं आपणच 'आहे' लिहितो हे सांगावं लागणार, आणि सांगितलं की साहेब पिशवी घेऊन हजर. तिनं लिहिलं: 'आहे. सवडीनं बघतो.' गारठ्यानं पुन्हा मागितलं. पुन्हा 'आहे.' तिसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा तेच. बिचाऱ्यानं वेगळं पान काढून तिथे दुरुस्त केलेली नक्कल ठेवली. तिकडे कोण जाणार?

पुढचा मेल त्यानं टाचणीला नाही, तक्रारींच्या टेबलाला लिहिला. तो मी वाचला. शिव्या नव्हत्या. त्याच्या शेजारच्या गावच्या दवाखान्यात भर उन्हाळ्यात जोडून सुट्ट्या आल्या, त्यात फ्रीज बंद पडला आणि मागाहून आपोआप चालूही झाला. पहारा गप्प राहिला. माणसं कामावर परतली तेव्हा पडद्यावरचा आकडा ठीक होता, म्हणून त्या फ्रीजमधलं इन्सुलिन वाटलं गेलं. काही माणसं अत्यवस्थ होऊन भरती झाली. त्यात एक शाळकरी मुलगी होती, ती घरी परत गेली नाही. शेवटी लिहिलं होतं: 'मी या मालकाला तीनदा सांगितलं. तो दर वेळी आहे म्हणतो. तो खरंच असेल तर त्याला निदान एवढं वाचायला द्या.'

टाचणीला मी स्वतः खांदा दिला होता. तो 'आहे' कसा म्हणेल?

मी खुर्ची मागे फिरवली. "ताई, टाचणीच्या नावानं उत्तरं कोण देतं?"

"मी," ती म्हणाली. लपवायचा प्रयत्नही केला नाही. "का रे?"

मी बाजूला सरकलो आणि तिला माझ्या पडद्यासमोर बसवलं. तिनं मेल वाचला, वर गेली, पुन्हा वाचला. रडली नाही. मला वाटत होतं रडावं, म्हणजे मला काहीतरी करता आलं असतं.

"इन्सुलिन बिघडलेलं दिसत नाही रे," ती हळू आवाजात म्हणाली. "दूध नासलं की कळतं. याची बाटली तशीच दिसते, स्वच्छ. त्या पोरीच्या आईनं रोज वेळेवर सुई दिली असेल तिला. साखर का उतरत नाही म्हणून आणखी दिली असेल."

"तुला काय ठाऊक होतं, ताई? दहांतले नऊ चोर होते."

"हा दहावा होता. मला कोड कळत नाही हे मला ठाऊक होतं की नाही? कोठीत असते तर न कळणाऱ्या बाटलीला मी हात लावू दिला असता का कुणाला?"



आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ताईनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. साहेबांची पाचावर धारण बसली, पण मुलीसाठी नव्हे. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग वकिलांना फोन केला.

"त्या पानाला कुणीही हात लावायचा नाही," फोन ठेवून ते म्हणाले. "आत्ता बदल केला म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं. वकील सांगतील तेव्हा बघू."

"पण पान उघडं आहे, साहेब," ताई म्हणाली. "आपण इथे बोलतोय तोवर कुणीतरी तेच उतरवून घेत असेल. ज्यांनी आधी घेतलंय त्यांनाही त्याच पानावरून निरोप जाईल. ती चावी गारठ्याला आजच द्यायला हवी."

"खाली एक ओळ टाकू. कंपनी जबाबदार नाही, अशी. आणि तुम्ही आता घरी जा. तुमचं काय करायचं ते नंतर ठरेल."

ताई घरी गेली नाही. टेबलाशी येऊन बसली. जेवणाची सुट्टी झाली होती, मजला निम्मा रिकामा, काही नवी पोरं कानात इयरफोनची बोंडं घालून डबे खात होती. ताईनं टाचणीचं पान उघडलं. चावी द्यायची तर मशीन कारण विचारतं, तीन चौकोन असतात: मालकानं स्वतः दिली, मालक गैरहजर, मालक मृत. एवढ्या वर्षांत तिनं दुसऱ्यांसाठी तिसरा चौकोन कितीदा तरी भरला असेल. आता तिचं बोट हलेना.

"नियमानं करू," ती म्हणाली. "तीन मेल गेलेत. उत्तरं माझी होती, ती धरायची नाहीत. पुकारा तेवढा राहिलाय."

"आता? इथे?"

"त्याचाच नियम आहे ना? मग त्यालाही लागू."

ती उभी राहिली. साडीचा पदर सारखा केला. मीही उठलो, कारण बसून राहणं बरं दिसेना.

"टाचणी," तिनं पुकारलं. आवाज अजून तसाच होता, खणखणीत. एकदोन पोरांनी कानातली बोंडं काढली.

"टाचणी!"

साहेबांच्या केबिनचं दार उघडलं. ते दारातच थबकले. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांना वाटलं असणार.

तिसरी हाक यायला वेळ लागला. "छोट्या," ती म्हणाली. हे नाव ऑफिसात कधी कुणी ऐकलं नव्हतं. तिनं ते मोठ्यानंही म्हटलं नाही, पोराला झोपेतून उठवावं तसं म्हटलं.

मग ती थांबली. मीही थांबलो. इतका वेळ मी आयुष्यात कशासाठी थांबलेलो नाही. एका क्षणी मला धास्ती वाटली, की माझ्याच तोंडून 'आहे' असं निघून जाईल, केवळ तिला खाली बसता यावं म्हणून. कुणीच काही बोललं नाही. ताईनं मान हलवली, बसली, तिसरा चौकोन भरला आणि चावी दिली.

त्यानंतर तिनं गारठ्याला स्वतःच्या नावानं लिहिलं. मालक फार पूर्वी वारले, 'आहे' म्हणणारी मी होते, त्यांची बहीण. काही झाकलं नाही. गारठ्याचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं, त्रोटक. दुरुस्ती चढवली आहे, जुन्या सगळ्यांना निरोप गेला आहे, लिहिणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच ठेवलं आहे. माफीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ताईला तेच बरोबर वाटलं.

तिला त्याच दिवशी काढलं. मला तिच्यामागून, थोड्या उशिरानं. खटला झाला, तो वर्षानुवर्षं चालून कुणालाच काही न मिळता संपला. मुलीच्या गावी ताई एकदा जाऊन आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कंपनी पुन्हा विकली गेली, मग पुन्हा, आणि आता तिथे माणूसच उरलेला नाही. सगळी पानं गोठवून ठेवलीत, बघता येतात, बदलता येत नाहीत. चांगली माणसं आपापला माल घेऊन आधीच निघून गेली होती. पहाराही गारठ्यानं दुसरीकडे नेला, तो अजून चालतो.

मागच्या महिन्यात एका सुट्टीला मी ताईकडे गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दवाखान्यात गेल्या असतील. उतारवयात ताईनं पुन्हा एका लहानशा दवाखान्याची औषधांची कोठी धरली होती, हे मला माहीत होतं. कोठीचं दार लोटलेलं होतं. आत ती फ्रीजसमोर स्टुलावर बसली होती, चष्मा कपाळावर, हातात थर्मामीटर. बाजूच्या कॉम्प्युटरवर पहारा चालू होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाचणीचं नाव.

"हा चालतोय की नीट," मी म्हणालो. "मग तू कशाला हेलपाटे घालतेस? तुला सुट्टीच्या दिवशी घरी बसता यावं म्हणूनच तर लिहिला ना त्यानं?"

तिनं थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला, आकडा पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळला.

"त्या सुट्टीत तिकडे कुणीच बघायला गेलं नाही," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, पहारा आहे."

मग तिनं फ्रीजचं दार लावलं, कोठीला कुलूप घातलं आणि मला चहाला घरी नेलं. कप विसळून ठेवता ठेवता तिनं घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी तिला पुन्हा जायचं होतं.